कॉम्प्रेसरचा एनआरव्ही दर चार महिन्यांनी का जातो? धायरीच्या गॅरेजमधला अनुभव

मोटर बंद झाली की प्रेशर स्विचच्या खालून ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि एक-दोन सेकंदांत थांबतो. तो थांबायलाच हवा. आमच्याकडे थांबत नव्हता. रात्री शटर ओढताना टाकीत ८ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर, सकाळी काटा शून्यावर. दिवसभर कुणी हवा वापरो न वापरो, मोटर थोड्या थोड्या वेळाने चालू व्हायची. मग पुढचा टप्पा आला. चालू होताना मोटर नुसती घुमायची, चाक वीतभर हलायचं आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका, खाली.

चौदा महिन्यांत या एका मशीनवर तीन एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टाकीतली हवा उलटी येऊ न देणारा), दोन प्रेशर स्विच आणि एक मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळणं) एवढं झालं. त्यातले दोन्ही स्विच विनाकारण बदलले, हे नंतर कळलं. मोटर माझ्या हाताने जळली, तेही सांगतो. पुण्यात धायरी फाट्याच्या आसपास आमच्यासारखी दुचाकीची गॅरेजं भरपूर आहेत आणि बहुतेकांकडे याच जातीचा कॉम्प्रेसर आहे: २ एचपी, सिंगल फेज, पट्ट्यावर चालणारा, १६० लिटरची टाकी, ६ किलोला चालू आणि ८ किलोला बंद. त्यामुळे कुणाला तरी उपयोग होईल.

आवाज एका जागी, दुखणं दुसऱ्या जागी

हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागातून, निघालेली गरम हवा तांब्याच्या डिलिव्हरी पाइपने टाकीकडे येते. टाकीच्या तोंडाशी पितळेचा एनआरव्ही असतो. हवा आत जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. त्याच्याच कुशीतून एक बारीक नळी निघून प्रेशर स्विचला जाते. प्रेशर भरलं की स्विच मोटर तोडतो आणि त्याच झटक्यात एक छोटी पिन दाबून या नळीतली हवा बाहेर सोडतो. म्हणजे हेड आणि डिलिव्हरी पाइप रिकामे होतात, आणि पुढच्या वेळी मोटर हलक्या हेडवर उठते. ‘फुस्स’ होतं ते हे.

आता एनआरव्ही नीट बसत नसेल तर टाकीतली हवा उलटी येते, त्याच बारीक नळीत शिरते आणि स्विचच्या पोटातून बाहेर पडते. आवाज स्विचमधून येतो म्हणून माणूस स्विच बदलतो. दुकानदारही तोच देतो. मी दोनदा बदलला.

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. मोटर बंद असताना फुसफुस चालू राहिली तर एनआरव्ही. मोटर चालू असताना स्विचखालून हवा येत असेल तर स्विचमधली पिन किंवा तिचं रबर. खात्री करायची असेल तर टाकी भरू द्या, मोटर थांबली की प्लग काढा आणि बारीक नळी स्विचच्या बाजूने सोडवा. नळीच्या तोंडाला बोट लावा. हवा येतच राहिली तर स्विच निर्दोष आहे, त्याला सोडा. नळी कोरडी पडली आणि तरी काटा उतरतोय, तर गळती दुसरीकडे आहे. ड्रेन कॉक, कपलिंग, होजच्या क्लिपा, सगळीकडे साबणाचं पाणी फिरवा.

मी काय केलं होतं? ऐन दिवाळीच्या आधीची गर्दी, सर्व्हिसिंगच्या गाड्या फुटपाथपर्यंत उभ्या, आणि हा आवाज डोकं उठवतोय. पक्कड घेतली आणि ती बारीक नळी चेपून बंद करून टाकली. आवाज गेला, टाकी रात्रभर भरलेली राहिली. स्वतःवरच खूश होतो.

पण नळी बंद झाली म्हणजे हेड रिकामं व्हायचं थांबलं. आता मोटर दर वेळी भरलेल्या हेडवर उठणार. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ९ ते १० अँपिअर घेते, उठताना त्याच्या पाच-सहापट ओढते. एरवी ते डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. लोडवर मात्र ती वेगच घेत नाही, वेग आल्यावर स्टार्टिंगची वाइंडिंग तोडणारा आतला सेंट्रिफ्युगल स्विच सुटत नाही, आणि स्टार्टिंगची वाइंडिंग व कपॅसिटर सर्किटमध्येच अडकून तापत राहतात. एमसीबी दोन-तीनदा पडला तेव्हा मी तो जास्त अँपिअरचा टाकला. आठवड्याभरात वार्निशचा जळका वास आला. ती नळी कुणी चेपू नका, बोल्ट मारून बंद करू नका. आणि एमसीबी पडतोय म्हणून मोठा घालणं ही तर त्याहून मोठी चूक. वायर आणि मोटर वाचावी म्हणूनच तो पडत असतो.

एनआरव्ही बसवताना

मोटर रिवाइंड होऊन आली, नळी नवी घातली आणि एनआरव्ही बदलायला घेतला. इथे थोडं सावकाश सांगतो, कारण पहिल्या बदलात मी निम्म्या गोष्टी चुकवल्या.

आधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग ड्रेन कॉक उघडून टाकी पूर्ण रिकामी. काटा शून्यावर आला तरी सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघायची, कारण गेजचा काटा अडकलेला असू शकतो. १६० लिटरच्या टाकीत ८ किलो म्हणजे मोकळी सोडली तर सुमारे १३०० लिटर हवा. अर्धवट प्रेशरवर एनआरव्ही सोडला तर तो पितळेचा तुकडा गोळीसारखा सुटतो. शिवाय मशीन नुकतंच चाललं असेल तर अर्धा तास थांबा. डिलिव्हरी पाइपने माझ्या मनगटावर उमटवलेली खूण अजून आहे.

पाइपची नट सोडताना दोन पाने लागतात. एक एनआरव्हीच्या अंगाला धरायचा, दुसरा नटवर चालवायचा. एकाच पान्याने जोर लावलात तर तांब्याचा पाइप पिळतो आणि नटजवळ बारीक चीर पडते. ती दिसत नाही, नंतर साबणाच्या पाण्यात बुडबुडा करून दाखवते. बारीक नळीही आधीच सोडवून ठेवा, नाहीतर एनआरव्ही फिरवताना ती गुंडाळली जाते.

जुना व्हॉल्व्ह निघाला की फेकू नका, बाजूला ठेवा. पुढे त्याचंच काम आहे. टाकीच्या बुशमधले आटे साफ करायचे, पण आधी आत कापडाचा बोळा कोंबायचा. जुन्या टेपचे धागे आत पडले तर ते टाकीत फिरत राहतात. आणि काम झालं की बोळा काढायचा. हसू नका, आमच्या पोराने तो आतच ठेवला होता. पाना लावायला घेतला तेव्हा दिसला.

नवा एनआरव्ही आणायला जाताना जुना खिशात घेऊन जा. नाना पेठेत किंवा भवानी पेठेत काउंटरवर नुसतं ‘अर्ध्या इंचाचा द्या’ म्हणालात तर मिळेल तो खरा अर्ध्या इंचाचाच, पण त्याला तीन तोंडं असतात. टाकीकडचा आटा, पाइपकडचा आटा आणि कुशीतल्या बारीक नळीचा आटा. तिन्ही जुळले पाहिजेत. आमच्या मशीनला टाकीकडे चार सूत म्हणजे अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश मापाचे पाइपचे आटे) आणि नळीला एक सूत.

बीएसपीवर एक वाक्य जास्त लिहितो, कारण एकदा ऑनलाइन मागवलेला व्हॉल्व्ह मला याच कारणाने दोन दिवस नडला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बीएसपी आटे चालतात, आटा ५५ अंशाचा. अमेरिकन धाटणीच्या मालावर एनपीटी असतात, आटा ६० अंशाचा. अर्ध्या इंचाला दोघांचेही इंचाला १४ आटे, म्हणून एनपीटी व्हॉल्व्ह बीएसपी बुशमध्ये छान फिरतो, दोन-तीन फेरे घेतो, घट्टही होतो, आणि गळतो. कितीही टेप मारा, गळतो. पाव इंचाला मात्र एकाचे १९ आणि दुसऱ्याचे १८ आटे असतात, तिथे तो लगेच अडतो आणि आपण वाचतो. फसवणारा आकार अर्ध्या आणि पाऊण इंचाचा.

दुकानातच तोंडाने फुंकून बघा. टाकीकडच्या तोंडातून फुंकलं तर हवा जाता कामा नये, पाइपकडून फुंकलं तर जायला हवी. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने, चार-पाच वेढे, आणि पहिला आटा मोकळा सोडून. तो पहिला आटा फार महत्त्वाचा आहे. टेप तोंडापर्यंत गेली की पाना लावताना तिचा तुकडा कातरला जाऊन आत पडतो. पाइपच्या नटला टेप अजिबात नको. ती नट आतल्या पितळी रिंगवर दाब देऊन सील करते, टेप घातली तर उलट तिरकी बसते. तरीही घालणारे आहेत, आणि पाइपकडून आत गेलेला धागा सरळ एनआरव्हीच्या बैठकीवर, म्हणजे आतली चकती जिथे टेकते तिथे, जाऊन बसतो. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं. नवा व्हॉल्व्ह तिसऱ्या दिवशी फुसफुसायला लागला. उघडला तर बैठकीवर पांढरा धागा, शेवयाएवढा. काढला, बंद.

कुशीतलं तोंड स्विचच्या दिशेला यायला हवं. घट्ट करताना ते थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका. मागे फिरवलेला टेपचा सांधा हमखास गळतो. एक तर आणखी थोडं पुढे न्या, नाहीतर पूर्ण काढून टेप नवीन मारा. मग पाइप, मग बारीक नळी. ड्रेन कॉक उघडा ठेवून मशीन दोन-तीन मिनिटं चालवा, आत काही कचरा असेल तो निघून जातो. मग कॉक बंद करून टाकी भरू द्या, साबणाचं पाणी फिरवा, आणि खडूने टाकीवर प्रेशर आणि वेळ लिहून घरी जा.

चार महिन्यांनी पुन्हा तोच आवाज

इथपर्यंत सगळं नीट बसवलं तरी चार महिन्यांनी फुसफुस सुरू झाली. दुसरा व्हॉल्व्ह घातला, तो जेमतेम तेवढाच टिकला. मी म्हटलं माल खराब येतोय. तिसऱ्यांदा मात्र तो काढलेला व्हॉल्व्ह घेऊन आमच्या गल्लीतल्या अण्णांकडे गेलो. भोसरीला उभा जन्म फिटर म्हणून गेलेला माणूस. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने आतली चकती खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, “याला का शिव्या देतोस? हा मेलाय धुराने.”

चकती मूळची मऊ रबराची. ती बटणासारखी कडक झाली होती आणि बैठकीवर काळी, खरखरीत काजळी. स्प्रिंगच्या वेढ्यांतही तीच. रबर असं कडक होतं ते उष्णतेने आणि काजळी होते ती तेलाने. म्हणजे हेडमधून येणारी हवा नको तेवढी गरम होती आणि सोबत तेल आणत होती.

“तेल कोणतं घालतोस?” पहिला प्रश्न. मी गप्प. गॅरेजमध्ये गाड्यांचं २०डब्ल्यू-४० कायम असतं, डब्यात उरलेलं तेच कॉम्प्रेसरला. गाडीच्या तेलात इंजिन धुऊन काढणारी द्रव्यं असतात, ती गाडीला चांगली. कॉम्प्रेसरच्या तापलेल्या व्हॉल्व्ह प्लेटवर त्याचाच थर बसतो. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत कॉम्प्रेसर तेल, ग्रेड व्हीजी १०० असं स्पष्ट छापलेलं होतं. पुस्तिका होती बिलांच्या फाइलमध्ये.

दुसरं, एअर फिल्टर. त्यातला फोम पंक्चर बफिंगच्या रबरभुशीने आणि रस्त्याच्या धुळीने नमद्यासारखा झालेला. हवा नीट आत येत नसली की पिस्टन खाली जाताना क्रँककेसमधून तेल वर ओढतो. फोम साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून घाला. पेट्रोलने धुऊन ओला बसवू नका. ती वाफ सरळ तापलेल्या हेडमध्ये जाते आणि स्फोट होऊ शकतो.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. “एवढ्याने इतकं जळत नाही,” म्हणाले. मशीन चालू करायला लावलं आणि वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडून जाळीच्या बाहेरून चाक आणि सिलिंडर यांच्या मधल्या फटीशी धरली. पट्टी चाकाकडे ओढली गेली, जाळीला चिकटली. पुन्हा धरली, पुन्हा तेच.

कॉम्प्रेसरच्या मोठ्या चाकाच्या आऱ्या तिरक्या असतात. ते नुसतं चाक नाही, पंखा आहे, आणि त्याने वारा हेडवर फेकायचा असतो. आमचा वारा उलटा जात होता. अण्णांनी जाळीवरचं तेल-धुळीचं किटण बोटाने पुसलं, खाली बाण निघाला. चाक बाणाच्या विरुद्ध फिरत होतं.

मोटर रिवाइंड होऊन आली तेव्हापासून! पिस्टनच्या पंपाला दिशेचं काही पडलेलं नसतं, उलटा फिरला तरी तो तितकीच हवा भरतो. टाकी भरतेय, काटा चढतोय, कोण कशाला बघतंय. फक्त हेडला वारा मिळेना, ते तापत राहिलं, तेल जळत राहिलं, काजळी पाइपने येऊन एनआरव्हीवर बसत राहिली. म्हणजे मी पक्कडीने नळी चेपली, त्याने मोटर जळली, मोटर उलटी बांधून आली, त्याने एनआरव्ही मरत गेले. फिरून माझ्याच हातात.

दुरुस्ती दहा मिनिटांची. रिवाइंडिंगवाल्याला बोलावलं, त्याने स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करून दिली. थ्री फेज मोटर असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन फेज उलट्या जोडल्या की दिशा बदलते, पण ते वायरमनकडूनच करून घ्या. हेडही उघडलं. व्हॉल्व्ह प्लेटवरची काजळी डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने काढली, लोखंडी पातं लावलं नाही, कारण व्हॉल्व्हच्या पातळ पत्तीला ओरखडा पडला की ती पुन्हा सील होत नाही. डिझेल पुसून पूर्ण कोरडं केलं, हेडचा गॅस्केट नवा, तेल व्हीजी १००, काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत. पट्टी आता सिलिंडरकडे फडफडते.

गुरुवारचं प्रकरण

आवाज गेला, टाकी टिकू लागली. तरी अधूनमधून ‘घूंऽऽ’ करून एमसीबी पडायचाच. पोरगा म्हणाला, “दादा, हे गुरुवारीच होतं.” मी त्याला वेड्यात काढलं. पण खरं होतं.

पुण्यात गुरुवार हा लाइटीच्या देखभालीचा वार. सकाळी लाइट जाते तेव्हा मशीन कधी कधी अर्ध्यात चालू असतं. समजा टाकीत ७ किलो झालेत. स्विचने मोटर तोडलेली नाही, लाइटीने तोडली. मग ती पिन दाबली जात नाही, हेड रिकामं होत नाही, ‘फुस्स’ होत नाही. स्विच आतून जोडलेलाच राहतो. दुपारी लाइट आली की मोटर आपोआप, भरलेल्या हेडवर उठायला बघते. एनआरव्ही उत्तम असला तरी.

उपाय साधा आहे. लाइट गेली की प्रेशर स्विचचा खटका हाताने बंद करायचा. त्याने पिन दाबली जाते, ‘फुस्स’ ऐकू येतं, हेड रिकामं. लाइट आल्यावर मिनिटभराने पुन्हा चालू. कायमचं हवं असेल तर ओव्हरलोड रिले (मोटरवर लोड वाढला की तोडणारा) असलेला डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायचा बटणांचा डबा, बसवा. लाइट गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. अर्थात बटण दाबण्याआधी खटका एकदा बंद-चालू करायचाच, कारण हेड तर भरलेलंच असतं. आम्ही तो बसवला. शिवाय मशीनला जी पातळ एक्स्टेन्शन वायर होती ती काढून बोर्डापासून सरळ जाड वायर ओढली. लांब पातळ वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर उठताना तेवढंच कमी मिळतं.

पावसाळ्यात ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडतो. श्रावणात तर पेलाभर तांबूस पाणी निघतं. नाहीतर ते टाकीत गंज करत बसतं आणि गिऱ्हाईकाच्या कार्ब्युरेटरवर मारलेल्या हवेतून फवारा होऊन निघतं.

परवा मुद्दाम एनआरव्ही उघडून बघितला, आठ महिने झाले त्याला. चकती नखाने दाबली तर दबते, बैठकीवर चहाच्या डागाएवढा तपकिरी थर. पुसून परत बसवला, टेप नवीन. रात्री ८ किलोवर खडू मारून गेलो तर सकाळी काटा साडेसातवर असतो. तो अर्धा किलो कुठे जातो ते सापडलंय. पंक्चरच्या बाजूचं क्विक कपलिंग आहे, त्याची रिंग झिजलीय. आणायची राहिलीय.